लसणाला बी नसतं

सोयाबीन घरात आलेलं असतं, सीतादहीची पूजा करून कपाशीची पहिली वेचणी चालू झालेली असते, तुरीला फुलं धरू लागतात. वऱ्हाडात कार्तिक म्हणजे वावरातल्या कामांची गर्दी. त्याच दिवसांत, मजुरीवरून परतल्यावर किंवा सकाळी भाकरी टाकायच्या आधी, बायका घराच्या मागच्या अंगाला एक छोटं काम उरकून घेतात. बाजेएवढी जागा खणायची, शेणखत कालवायचं, लसणाचे गड्डे फोडायचे आणि एकेक पाकळी बोटाने मातीत टोचायची. या कामाची कुठे नोंद होत नाही. पेऱ्याच्या आकड्यांत ते नसतं आणि सातबाऱ्यावरही नसतं.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘परसदार’ असा कळवला तेव्हा माझ्यासमोर हा वाफा आला. जास्वंद, तुळस, कढीपत्ता यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. लसणाच्या वाफ्यावर लिहिलेलं फारसं वाचायला मिळत नाही, आणि तो वाफा कमी होत चालला आहे. म्हणून गेल्या कार्तिकात मी कौंडण्यपूरला गेले आणि फाल्गुनात, काढणीच्या वेळी, पुन्हा गेले.

रुक्मिणीच्या माहेरी

कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर वसलेलं आहे. नदी ओलांडली की वर्धा जिल्ह्याचा आर्वी तालुका लागतो. विदर्भाच्या भीमक राजाची ही राजधानी, रुक्मिणीचं माहेर, असं सारा महाराष्ट्र मानतो. इथल्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिरातून पंढरपूरला पायी जाणारी पालखी संत सदाराम महाराजांनी १५९४ साली सुरू केल्याचं सांगतात. राज्यातल्या सर्वांत जुन्या पालख्यांत तिचं नाव घेतात. गावालगतच्या टेकाडावर १९६०च्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनांच्याही आधीपासूनच्या वस्तीचे थर सापडले. म्हणजे या काठावर माणसं दोन हजार वर्षांहून अधिक काळ चूल पेटवत आली आहेत.

लसूण बघायला हेच गाव का निवडलं, त्याला दोन कारणं होती. पहिलं कारण मातीचं. तालुक्यातली बरीचशी जमीन कपाशीची भारी काळी. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पावसात ती लोण्यासारखी चिकटते. अशा जमिनीत लसूण आवळला जातो, पाणी साचलं तर सडतो. नदीकाठच्या घरांना मात्र गाळाची माती मिळते. ती भुसभुशीत असते, पाणी धरते आणि जादा पाणी सोडूनही देते. परसातल्या काळ्या मातीत हा गाळ आणि शेणखत मिसळलं की लसणाला हवी तशी जागा तयार होते.

दुसरं कारण पंचांगाचं. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याची भजी आणि लसणाची चटणी खाऊन घ्यायची आणि मग चातुर्मासभर दोन्ही वर्ज्य करायचे, ही रीत वारकरी घरांत अजून पाळतात. कार्तिकी एकादशीला चातुर्मास सुटतो. कौंडण्यपूरची मोठी यात्रा त्यानंतर लगेच, कार्तिक पौर्णिमेच्या सुमाराला भरते आणि प्रतिपदेला दहीहंडी फुटते. लसूण लावायचे दिवसही हेच. लसणाचं पीक फाल्गुन-चैत्रात निघतं. आषाढ ते कार्तिक हे चार महिने घरातला साठा आटत जाण्याचे, आणि नेमक्या त्याच महिन्यांत पुढच्या लावणीसाठी चांगले गड्डे राखून ठेवायचे असतात. व्रत त्यासाठीच घालून दिलं असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याजवळ नाही. पण ज्या घरात चार महिने लसणाला हात लागत नाही, त्या घरात बियाणं आपोआप शिल्लक राहतं, हे मात्र मी पाहिलं.

टोक वर, बूड खाली

यात्रेच्या आधीची गोष्ट. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकानांचे सांगाडे उभे राहत होते. एका गल्लीच्या टोकाच्या घरी सत्तरीच्या एक आजी आणि त्यांची सून अंगणात पोतं अंथरून बसल्या होत्या. समोर सुपात लसणाचे गड्डे होते, लहानखुरे, वरून पांढरे आणि आत जांभळट झाक असलेले. आजी गड्डा दोन्ही अंगठ्यांनी दाबून फोडायच्या आणि पाकळ्यांचे दोन ढीग करायच्या. बाहेरच्या कड्याच्या जाड पाकळ्या एका बाजूला, मधल्या बारीक पाकळ्या दुसऱ्या बाजूला. जाड पाकळ्या लावायला, बारीक फोडणीला.

ही निवड फार मोलाची आहे. पाकळी म्हणजे रोपाची शिदोरी. पानं वर येऊन स्वतःचं अन्न करू लागेपर्यंत रोप तिच्यावरच जगतं. जाड पाकळीचं रोप दणकट उठतं आणि त्याचा गड्डाही मोठा होतो, हे कृषी विद्यापीठांच्या शिफारशींतही लिहिलेलं असतं. आजींनी ती शिफारस वाचलेली नव्हती. पण मोह टाळून घरातले सर्वांत चांगले गड्डे मातीत घालायचे आणि किरकोळ गड्डे आपण खायचे, हा नेम त्यांनी पन्नास वर्षं पाळला आहे.

सून पाकळ्यांवरचं पातळ टरफल सोलू लागली तशी आजींनी तिचा हात धरला. “टरफल काढू नको वं, उघडी पाकयी सडते.” टरफल हे पाकळीचं चिलखत. ते निघालं की बुरशीला वाट मिळते. गड्डाही लावणीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी फोडायचा, कारण सुटी पाकळी लवकर वाळते. काही घरांत पाकळ्या राखेत घोळवतात, काही गोमूत्राच्या पाण्यातून काढतात, आणि ज्यांच्याकडे शेतासाठी ट्रायकोडर्मा आणलेली असते ते चिमूटभर तीही लावतात.

मग वाफा. जमीन भारी असेल तर सपाट वाफ्यापेक्षा चार बोटं उंच गादीवाफा बरा, म्हणजे पाणी बुडाशी थांबत नाही. आजींनी काडीने रेघा ओढल्या. दोन रेघांत वीतभराहून थोडं कमी अंतर, म्हणजे १५ सेंटीमीटर, आणि एका रेघेत दोन पाकळ्यांमध्ये चार-पाच बोटं, म्हणजे १० सेंटीमीटरच्या आतबाहेर. शिफारशीतही हेच अंतर आहे. पाकळीचं टोक वर, बूड खाली, आणि वरून दोन बोटं माती. मुळं बुडाच्या चकतीतूनच फुटतात. पाकळी उलटी पडली तर कोंब खाली निघून वळसा घालत वर येतो, त्यात ताकद खर्च होते आणि मान वाकडी राहते. शेतावर एकरभर लावताना मजूर पाकळ्या फेकत जातात, तिथे हे जमत नाही. परसात जमतं, कारण इथे प्रत्येक पाकळी एका हाताने ठेवलेली असते.

वाफ्याच्या कडेने सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मुळा टाकला. लसणाची पानं उभी आणि अरुंद असतात, ती मातीवर सावली धरत नाहीत, म्हणून तण फार माजतं. पहिले दोन महिने खुरपं हातात ठेवावंच लागतं. नंतर मात्र खोल खुरपायचं नाही, कारण लसणाची मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात आणि खुरप्याने गड्डा दुखावतो. पाणीही तसंच, थोडं थोडं आणि वरचेवर. एकदम पाट भरून सोडायचं नाही.

तीच पाकळी, तोच लसूण

आजींना मी विचारलं, हे बियाणं कुठून आणलं? “आमच्या सासूच्या हातचा लसन हाय हा,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, त्या प्रेमाने म्हणत असतील. पण त्यांचं वाक्य शब्दशः खरं आहे.

वांग्याचं, मिरचीचं, पालकाचं बी असतं. फूल येतं, पराग जुळतो, दोन झाडांचे गुण एकत्र होतात आणि नवं रोप आईबापांपेक्षा थोडं वेगळं निघतं. लसणाचं तसं नाही. हजारो वर्षं माणसाने तो पाकळीवरच वाढवला. फुलावर जाणारी ताकद गड्ड्यात उतरावी अशीच झाडं निवडली गेली. त्यामुळे आज लावला जाणारा लसूण जवळजवळ सगळा वांझ आहे. कधी दांडा येतो, त्यावर बारीक गाठी धरतात, पण खरं बी भरत नाही. लसणाचं मूळ घर मध्य आशियातलं. तिथल्या डोंगरात बी धरू शकणारा लसूण अजून आहे, असं संशोधकांना १९८०च्या दशकात आढळलं आणि त्यातून प्रयोगशाळांत लसणाचं खरं बी तयार करता आलं. शेतकऱ्याच्या वावरात मात्र आजही पाकळीच चालते.

म्हणजे आजींच्या सासूबाईंनी जी पाकळी लावली, तिचाच तुकडा आजींनी लावला आणि त्याचाच तुकडा आता सुनेने टोचला. हा सगळा एकच लसूण आहे, हातामागून हात बदलत जिवंत राहिलेला. बी पाकिटात भरून कपाटात ठेवता येतं, शीतगृहात वर्षानुवर्षं जपता येतं. लसूण असा ठेवता येत नाही. गड्डा वर्षभरात वाळतो किंवा कोंबारतो. त्याला दरवर्षी मातीत जावंच लागतं. एका घराने एक वर्ष लावणी चुकवली आणि त्यांचा लसूण दुसऱ्या कोणाकडे नसला, तर तो वाण कायमचा गेला. म्हणूनच सरकारी संस्थांनाही लसणाचे वाण शेतात दरवर्षी लावून राखावे लागतात. पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय हे काम करतं.

याची एक दुखरी बाजूही आहे. बियाणं पाकळीचं असल्याने पाकळीत शिरलेला विषाणूही पिढ्यान्‌पिढ्या सोबत येतो. पिवळे पट्टे आणणारे, रोप खुजं करणारे विषाणू लसणात साठत जातात आणि गड्डा दरवर्षी किंचित लहान होतो. ‘पूर्वी लसूण मोठा यायचा’ असं गावोगाव ऐकू येतं, त्यामागे हे कारण असू शकतं. घरच्या पातळीवर उपाय एकच. वाफ्यात जी रोपं पिवळी, आखडलेली दिसतात ती पात म्हणून खाऊन टाकायची, त्यांचे गड्डे बियाण्याला ठेवायचे नाहीत. आजी हेच करतात. आणि शेजारणीच्या चांगल्या लसणाच्या चार पाकळ्या मागून आणायलाही त्या कमीपणा मानत नाहीत. गावातला लसूण असाच फिरता राहिला, म्हणून टिकला.

दिवस किती तासांचा

“इकतचा लसन लावला तं नुसती पात येते वं बाई, खाली गाठच धरत नाई.” ही तक्रार मी कौंडण्यपुरात ऐकली, नंतर अमरावतीत गच्चीवर बाग करणाऱ्या बायकांकडूनही ऐकली. बाजारातला मोठा, देखणा, दहा-बारा जाड पाकळ्यांचा लसूण हौसेने लावला, पात हिरवीगार आली, आणि मार्चमध्ये उपटला तर खाली कांद्याच्या पातीसारखं जाड बूड. दोष माळिणीचा नसतो, अक्षांशाचा असतो.

लसणाचं रोप दिवसाची लांबी मोजतं. थंडीत ते पानं वाढवतं, आणि दिवस एका ठरावीक लांबीला पोचला व ऊन वाढलं की पानं थांबवून गड्डा भरायला घेतं. ही ठरावीक लांबी वाणागणिक वेगळी. हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरातला मोठ्या पाकळ्यांचा लसूण मोठ्या दिवसाचा. त्याला तेरा-चौदा तासांचा उजेड लागतो. कौंडण्यपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या लगत आहे. इथला सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या जवळपास आणि सर्वांत मोठा साडेतेरा तासांच्या आत. डोंगरी लसणाला हवा तेवढा दिवस इथे येईपर्यंत मे-जून उजाडतो, तोवर वऱ्हाडच्या उन्हात रोप करपून गेलेलं असतं. आपल्याकडे लहान दिवसाचे वाण हवेत, जे फेब्रुवारीतल्या साडेअकरा तासांच्या उजेडावरही गड्डा धरतात. आजींचा जुना लसूण तसाच आहे. त्याने या गावाचा दिवस ओळखला आहे.

ज्यांच्याकडे घरचं बियाणं उरलेलं नाही, त्यांच्यासाठी मैदानी भागातले वाण आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गोदावरी, श्वेता, फुले बसवंत; राजगुरुनगरचे भीमा ओंकार आणि भीमा पर्पल; राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठानाने निवडलेले यमुना सफेद. गोदावरी आणि भीमा पर्पल जांभळट, भीमा ओंकार आणि यमुना सफेद पांढरे. पाकळ्या डोंगरी लसणाहून बारीक आणि संख्येने जास्त. सोलायला वेळ लागतो, पण स्वाद तिखट.

कार्तिकाची घाई का करायची, तेही यातच आहे. गड्डा किती मोठा होणार हे गड्डा धरण्याआधी रोपाला किती पानं आली यावर ठरतं. वऱ्हाडात रात्रीची थंडी डिसेंबर-जानेवारीत खरी जाणवते, आणि पाकळ्या नीट सुट्या होण्यासाठी लसणाला ती थंडी कोवळ्या वयात लागते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर लावलेल्या रोपाला पानंही मिळतात आणि थंडीही. संक्रांतीला लावलेलं रोप चार पानांवर असतानाच ऊन तापतं आणि ते घाईघाईने गड्डा आवळतं. असा गड्डा सुपारीएवढा, कधी तर एकाच पाकळीचा. फार लवकर, पाऊस मागे रेंगाळत असताना लावलं तर पाकळी सडते. म्हणजे वेळ जेमतेम दीड महिन्याची, आणि तीही वेचणीच्या ऐन धामधुमीत.

आढं गेलं, धूर गेला

फाल्गुनात गेले तेव्हा वाफ्यातली पात पिवळी पडून माना टाकू लागली होती. आजींनी दोन आठवड्यांपूर्वीच पाणी तोडलं होतं. काढणीच्या तोंडावर पाणी दिलं तर गड्डा रसरशीत दिसतो, पण टिकत नाही. पाकळ्या फुगतात, टरफल फाटतं. सगळा लसूण पातीसकट उपटून, माती झटकून त्यांनी कडुनिंबाच्या सावलीत पसरला. उन्हात नाही. वऱ्हाडच्या मार्चच्या उन्हात गड्डा भाजतो. आठवडाभर सावलीत सुकला की पात मऊ असतानाच तिची वेणी घालायची आणि जुड्या टांगायच्या.

प्रश्न इथे येतो. टांगायच्या कुठे? जुन्या मातीच्या घरात चुलीवर आढं असायचं. त्याला लसणाच्या जुड्या, मक्याची कणसं, दोडक्याचं बियाणं लोंबायचं. चुलीची ऊब आणि धूर यांनी चार महिन्यांच्या पावसातही लसूण कोरडा राहायचा, त्याला ना बुरशी लागायची ना कीड. मार्च ते ऑक्टोबर हे आठ महिने बियाणं जगवण्याची ती सोय होती, स्वयंपाक करता करता आपोआप होणारी. आता घर विटांचं, वर स्लॅब, आणि स्वयंपाक गॅसवर. उज्ज्वला योजना १ मे २०१६ला सुरू झाली आणि गावोगाव शेगड्या पोचल्या. “आता सलॅप झाला, कुठी टांगू?” असं सुनेने विचारलं, आणि तिचा प्रश्न खरा आहे.

मला चूल परत यायला नको आहे. त्या धुराने बायकांचे डोळे आणि फुप्फुसं गेली आहेत आणि त्यापुढे लसणाच्या जुडीची किंमत काही नाही. पण एक गोष्ट स्पष्ट दिसली. परसातला लसूण कमी झाला तो आळसाने नाही, फॅशनने तर नाहीच. बियाणं पावसाळाभर ठेवायची जागा घरातून गेली म्हणून तो कमी झाला. गड्डे स्टीलच्या डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले जातात, श्रावणात घाम धरतो, भाद्रपदात ते काळे पडतात, आणि कार्तिकात लावायला काही उरत नाही. मग विकतचा लावायचा, तो गाठ धरत नाही, आणि पुढच्या वर्षी लावायचं सोडून द्यायचं.

यावर आजींच्या घरी जो तोडगा निघाला तो साधा आहे. कांद्याची लाल जाळीदार पिशवी घ्यायची, तिच्यात बियाण्याचे गड्डे भरायचे आणि पडवीच्या पत्र्याखाली, जिथे पाऊस पोचत नाही आणि वारा खेळतो, तिथे खिळ्याला अडकवायची. पंधरा दिवसांनी एकदा चाचपून मऊ पडलेला गड्डा काढून टाकायचा. धुराइतका बंदोबस्त यात होत नाही, काही गड्डे जातातच. त्यामुळे लागेल त्याच्या दीडपट बियाणं ठेवायचं.

पात, सोले आणि ठेचा

काढणीची वाट बघत कोणी चार महिने थांबत नाही. पौषात पात चांगली हातभर होते, तेव्हापासून परसातल्या लसणाचा स्वयंपाक सुरू होतो. तुरीच्या हिरव्या शेंगांचे सोले याच दिवसांतले. सोल्यांची भाजी, सोलेभात, त्यात चिरलेली लसणाची पात. वांग्याच्या भरतात पात, मेथीच्या भाजीत पात, हुरड्यासोबतच्या चटणीत पात. वाफा दाट लावलेला असेल तर मधली रोपं अशी काढून खाल्ली की उरलेल्यांना जागा मिळते. विरळणी आणि भाजी एकाच वेळी होते.

ठेच्याचं शास्त्र मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण लसणाचा सारा तिखटपणा त्यातून कळतो. अखंड पाकळीला वास जवळजवळ नसतो. तिच्या पेशीत गंधकाचा एक पदार्थ एका कप्प्यात आणि त्याला फोडणारं विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोन्ही भेटतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होतं. तोच तो नाकात चढणारा वास. जमिनीत पाकळीला किडा चावला किंवा बुरशी लागली तर त्यांना पळवून लावायला रोपाने केलेली ही व्यवस्था आहे. आच लागली की विकर मरतं. म्हणून वरणात अख्खी पाकळी शिजवली तर ती गोडसर, मऊ लागते. आधी ठेचून मग फोडणीत टाकली तर तिखट लागते. आणि लोखंडी तव्यावर मिरच्या भाजून, तवा उतरवून, मग त्यात कच्चा लसूण आणि मीठ घालून तांब्याच्या बुडाने रगडला तर जो ठेचा होतो तो भाकरीच्या पहिल्या घासाला घाम आणतो. परसातला ताजा, बारीक पाकळीचा लसूण या कामाला बाजारातल्या थोराड लसणापेक्षा कितीतरी सरस. हे मी चवीवरून सांगते आहे.

आपल्या परंपरेने लसणाकडे दोन नजरांनी पाहिलं. मनुस्मृतीने द्विजांना तो निषिद्ध ठरवला. काश्यपसंहितेत मात्र ‘लशुनकल्प’ हा स्वतंत्र अध्याय आहे, बाळंतिणीसाठी आणि वातविकारांसाठी लसणाचं मोल सांगणारा. मध्य आशियात कुचा इथे सापडलेल्या आणि १८९० साली हॅमिल्टन बॉवर या अधिकाऱ्याच्या हाती आलेल्या भूर्जपत्रावरच्या संस्कृत पोथीची सुरुवातच लसणाच्या गुणगानाने होते. पोथी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. तीत लसणाच्या उत्सवाचं वर्णन आहे. घरांच्या दारांवर, छपरांवर लसणाच्या माळा लावायच्या. ज्यांना लसूण खाणं निषिद्ध, त्यांच्यासाठी गाईला लसणाची पात खाऊ घालून तिचं दूध द्यायची तोडही तीत सांगितली आहे. वऱ्हाडात आजही बाळंतिणीच्या जेवणात लसूण सढळ असतो, चातुर्मासात तो बंद असतो, आणि कार्तिकात पुन्हा ताटात येतो. दोन्ही बाजू एकाच घरात नांदतात.

किलोला चारशे

२०२४ साली लसणाने किरकोळ बाजारात किलोला ४०० रुपयांचा आकडा ओलांडला. अमरावतीच्या इतवाऱ्यातली गिऱ्हाइकं तेव्हा छटाकाने लसूण मागत होती. ज्या घरात रोजच्या भाजीला तेल आणि तिखट मोजून पडतं, तिथे लसूण हीच चव असते. ती महाग झाली की जेवण फिकं होतं, आणि हे दुःख बातम्यांच्या आकड्यांत उमटत नाही.

जगातला ७० टक्क्यांहून अधिक लसूण एकटा चीन पिकवतो. भारत दुसऱ्या क्रमांकावर, पण फार मागे. देशातला निम्म्याहून जास्त लसूण मध्य प्रदेशातून येतो, मंदसौर-नीमचच्या पट्ट्यातून, आणि उरलेल्यात राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश यांचा मोठा वाटा. बुरशीच्या भीतीने चिनी लसणाची आयात २०१४ पासून बंद आहे. म्हणजे माळव्यात पाऊस चुकला, किंवा आधीच्या वर्षी भाव पडल्याने शेतकऱ्याने पेरा कमी केला, की त्याची कळ कौंडण्यपूरच्या चुलीपर्यंत येते. माळव्यातल्या शेतकऱ्याने पडेल भावामुळे लसूण रस्त्यावर ओतल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. चढ आणि उतार दोन्ही क्रूर.

बाजेएवढा वाफा या बाजाराला पर्याय देत नाही, तसा दावा कोणी करू नये. पण हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पावणेदोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेत वर सांगितलेल्या अंतराने सव्वाशेच्या आसपास पाकळ्या बसतात. गड्डा सरासरी पंधरा-वीस ग्रॅमचा धरला तर दोन किलोच्या आतबाहेर लसूण, शिवाय पौष-माघातली पात. खर्च शेणखताचा, तो घरचा. रानडुक्कर आणि रोही यांनी वावरातला हरभरा, तूर खाऊन सोडली तरी लसणाच्या वाटेला ते सहसा जात नाहीत, असं इथल्या बायका सांगतात. जमीन नसलेल्या मजूर घरालाही हा वाफा करता येतो, आणि मी पाहिलेल्या वाफ्यांतले बरेचसे अशाच घरांचे होते.

‘उमेद’ अभियानाने बचतगटांमार्फत पोषण परसबागांची मोहीम चालवली, तिच्यामुळे पुष्कळ गावांत पालक, मेथी, भोपळा, शेवगा घरोघर पोचला. ते काम चांगलं आहे. पण बियाण्याच्या पाकिटात लसूण बसत नाही. तो एका घरातून दुसऱ्या घरात, पदराच्या गाठीतच जातो. बचतगटाच्या बैठकीत दर दिवाळीनंतर एकदा, ज्यांच्याकडे जुना लसूण आहे त्यांनी मूठभर पाकळ्या आणायच्या आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी न्यायच्या, एवढं जरी सुरू झालं तरी गावातले वाण वाचतील. शाळांच्या परसबागांनाही हे सहज करता येईल. अमरावतीजवळ दुर्गापूर आणि घातखेड अशी दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. गावागावांत राहिलेला हा जुना लसूण गोळा करून, शेजारी शेजारी लावून पाहण्याचं काम या संस्थांनी हाती घ्यावं. शोधायला दूर जावं लागणार नाही. आजींच्या वयाच्या बायका अजून आहेत, त्यांच्या पडवीत अजून जुड्या आहेत. दहा वर्षांनी त्या असतीलच असं नाही.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा कार्तिक तोंडावर असेल किंवा सुरू झाला असेल. आईकडे, सासूबाईंकडे, गावच्या काकूंकडे घरचा लसूण आहे का, आधी ते विचारा. असला तर पाच-सहा गड्डे मागून घ्या. नसला तर मैदानी वाणाचं बियाणं मिळवा, दुकानातला थोराड डोंगरी लसूण लावू नका. परस नसेल तर वीतभर खोल कुंडी किंवा जुनी बादली चालते, फक्त तळाला भोकं हवीत आणि दिवसातले सहा तास ऊन हवं. नोव्हेंबर संपायच्या आत पाकळ्या मातीत गेल्या पाहिजेत. आणि मार्चमध्ये गड्डे निघाले की सगळे खाऊ नका. सर्वांत चांगले पुढच्या कार्तिकासाठी जाळीच्या पिशवीत टांगा, आणि त्यातले चार शेजारी द्या.